वाल्देमार हाफकिन : लखनऊ छावनी ते परळ

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांची ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’ ही विज्ञान कादंबरी १८९६ मध्ये प्रसिद्ध झाली. एकाकी बेटावर जिवंत प्राण्यांची चिरफाड करून त्यांना मनुष्यरूप देऊ पाहणारा डॉक्टर मोरो त्या प्राण्यांच्या वेदनांची जराही पर्वा करीत नाही. अखेर त्यांच्यापैकीच एका प्राण्याकडून तो मारला जातो. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ पसरली आणि सरकारने वाल्देमार हाफकिन या जीवाणुशास्त्रज्ञाला पाचारण केले. नवी लस माणसांवर वापरण्याची महत्त्वाकांक्षा त्यांनाही होती. मात्र प्रयोगाची पहिली जोखीम त्यांनी स्वतः पत्करली.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. तेथे मेचनिकोव्ह यांच्या मार्गदर्शनाखाली शिक्षण घेऊन ते १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. पटकीवरील लस तयार होताच १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि उत्तर भारतातील अनेक ठिकाणी त्यांनी लसीकरण केले.

या लसीची कठोर परीक्षा लखनऊ छावनीत झाली. १८९४ मध्ये तेथील ईस्ट लँकेशायर रेजिमेंटमध्ये पटकीचा उद्रेक झाला. लस न घेतलेल्या ६४० जणांपैकी १२० जणांना लागण झाली व ७९ दगावले. लस घेतलेल्या १३३ जणांपैकी १८ जणांना लागण होऊन १३ मृत्युमुखी पडले. संरक्षण मिळाले होते, पण ते तुटपुंजे होते. लसीची मात्रा सौम्य होती आणि टोचणीनंतर वर्षाहून अधिक काळ लोटला होता, असे कारण हाफकिन यांनी दिले. मात्र हे प्रतिकूल आकडे त्यांनी दडवले नाहीत, आपल्या अहवालात प्रसिद्ध केले.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही प्रथम स्वतःवर वापरली. त्यानंतर भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. बंदिवानाची संमती कितपत मुक्त असते, हा प्रश्न आजच्या निकषांवर उपस्थित होतोच. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलविण्यात आली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांचा पुढे धनुर्वाताने मृत्यू झाला. चौकशी समितीने प्रयोगशाळेवर ठपका ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. प्रत्यक्षात बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी जाहीर पाठिंबा दिल्यानंतर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. ते कोलकात्यात पुन्हा रुजू झाले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांच्याकडे परत आली नाही.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. परळची हाफकिन संस्था आजही कार्यरत आहे.