सातवीत शाळा सोडलेला माणूस आणि लिंगोबाची मोहोळं

रतनगडाला किंवा हरिश्चंद्रगडाला आपल्यापैकी बरेचजण जाऊन आले असतील. वर चढताना वाडीवरचा वाटाड्या एक गोष्ट हमखास सांगतो. अत्तर-सेंट मारून येऊ नका, विड्या पेटवू नका, कड्याखाली आरडाओरडा करू नका. वर आग्या मोहोळं आहेत. आपण मान डोलावतो आणि पुढच्या वळणावर विसरतो. पण याच मोहोळांवरून एका माणसाने अख्खी कादंबरी लिहिली. तिचं नाव 'जैत रे जैत' आणि तो माणूस म्हणजे गोपाल नीलकंठ दांडेकर, उर्फ गोनीदा.

'जैत रे जैत' म्हटलं की आपल्याला गाणी आठवतात. गॅदरिंगला दरवर्षी कुणीतरी ती म्हणतंच. पण मूळ कादंबरी वाचलेला होस्टेलवर शोधून सापडणं कठीण, आणि तिच्या लेखकाचं आयुष्य माहीत असलेला त्याहून कठीण. म्हणून हा लेखप्रपंच.

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचा. शिक्षण किती? इयत्ता सातवी, तीसुद्धा अर्धवट! गांधीजींच्या चळवळीची हाक कानावर आली आणि तेराव्या वर्षी पोरगं घरातून पळालं. आपण त्या वयात स्कॉलरशिपच्या परीक्षेची गाईड पाठ करत होतो. पुढची कित्येक वर्षं हा मुलगा पायीच फिरला. कधी देवळात झोपला, कधी मागून खाल्लं. गाडगे महाराजांच्या सहवासात राहिला. हातात खराटा घेऊन गाव झाडणारा तो संत त्याने जवळून पाहिला आणि पुढे त्यांचं चरित्रही लिहिलं. नर्मदेची परिक्रमा केली. मठांतून, साधूंच्या संगतीत वेदान्त शिकला. या सगळ्या वणवणीतून 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही कादंबरी आली, आणि 'स्मरणगाथा' हे आत्मकथन. 'स्मरणगाथे'ला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सातवी नापाससुद्धा नाही, सातवी अर्धवट!

स्वातंत्र्यानंतर त्यांनी ठरवलं की आता लेखणीवरच जगायचं. नोकरी नाही, पगार नाही, पदवी तर नाहीच. बिऱ्हाड तळेगाव दाभाड्याला. तिथून सह्याद्री हाकेच्या अंतरावर. पाठीला पिशवी, गळ्यात कॅमेरा, आणि स्वारी निघाली गडावर. मुक्काम वाडीवर, खाणं त्यांच्याच चुलीवरचं. एका गडावर एकदा जाऊन भागत नसे, त्याच गडावर ते पुन्हा पुन्हा जात. घरच्यांना आणि गडकऱ्यांना ते 'आप्पा' होते.

या फिरण्यातून त्यांच्या कादंबऱ्या आल्या. 'पडघवली' आणि 'शितू' कोकणातल्या. 'पवनाकाठचा धोंडी' तुंग किल्ल्याच्या हवालदार घराण्याची. 'माचीवरला बुधा' राजमाचीवरची. मुंबईत आयुष्य काढलेला म्हातारा सगळं सोडून माचीवर राहायला येतो, आणि झाडं-पाखरं-खारी हेच त्याचं गणगोत होतं, एवढीच गोष्ट. पण वाचल्यावर आठवडाभर होस्टेलच्या खोलीत जीव रमत नाही, हा स्वानुभव. प्रत्येक पुस्तकात त्या त्या मुलखाची बोली येते. गोनीदांनी ती भाषाशास्त्राच्या वर्गात नाही, चुलीपुढे बसून उचलली होती.

आता 'जैत रे जैत'कडे येऊ. ही कादंबरी १९६५ ची. रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ कर्नाळा किल्ला आहे, त्याचा अंगठ्यासारखा सुळका हायवेवरून दिसतो. त्या परिसरातल्या ठाकरवाडीची ही कथा. ठाकरांसाठी डोंगर म्हणजे लिंगोबा, साक्षात देव. कड्याला लटकलेली मोहोळं देवाची, आणि त्यातली राणीमाशी फक्त पुण्यवंतालाच दिसते अशी श्रद्धा. नाग्या हा भगताचा पोरगा. ढोल वाजवण्यात पटाईत. त्याला पुण्यवंत व्हायचंय, राणीमाशी बघायचीय. त्यासाठी तो जिवापाड नेमाने वागतो. आणि एक दिवस माशी डसते ती नेमकी डोळ्याला. डोळा जातो.

इथून खरी गोष्ट सुरू होते. नाग्याचा प्रश्न साधा आहे. मी पाप केलं नाही, मग मला शिक्षा का? उत्तर मिळत नाही तेव्हा तो देवाच्या माश्यांवरच वैर धरतो. लिंगोबाच्या कड्यावरचं एकूण एक मोहोळ उठवायचं! सगळी वाडी विरोधात जाते. सोबत राहते एकटी चिंधी, नवऱ्याला सोडून आलेली, कुणालाही न भिणारी. शेवटी नाग्या जिंकतो. जैत होते. पण त्या जिंकण्यात चिंधी जाते.

गोनीदांनी इथे ठाकरांच्या श्रद्धेची टिंगल केली नाही, की शहरी माणसासारखं भाबडं कौतुकही केलं नाही. देवावर रागावणारा नाग्यासुद्धा ठाकरच आहे, तो देव मानतो म्हणूनच त्याच्याशी भांडतो. पुढे जब्बार पटेलांनी यावर चित्रपट केला. मोहन आगाशे नाग्या, स्मिता पाटील चिंधी, ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. पण पाया रचला होता तो आप्पांनी.

आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांसाठी आणखी एक गंमत. याच लेखकाने 'आम्ही भगीरथाचे पुत्र' नावाची कादंबरी लिहिली, ती भाक्रा-नांगल धरण बांधणाऱ्या माणसांची! सिव्हिलच्या मुलांनी तरी वाचायलाच हवी. म्हणजे डोंगराला देव मानणारा ठाकर आणि डोंगर फोडून नदी अडवणारा इंजिनिअर, दोघांवरही एकाच लेखणीने तितकंच प्रेम केलं. मला वाटतं, ही दोन पुस्तकं लागोपाठ वाचावीत. एकात डोंगराशी झुंजून पाणी मिळतं, दुसऱ्यात डोंगराशी झुंजून चिंधी जाते. आपण जिंकलो हे मोजताना काय गेलं तेही मोजावं, हे आपल्या कुठल्याच विषयाच्या सिलॅबसमध्ये नाही.

१९८१ साली अकोल्याच्या (विदर्भातल्या, आपल्या अकोले तालुक्याच्या नव्हे!) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. शेवटपर्यंत गडांचं वेड सुटलं नाही. १ जून १९९८ ला पुण्यात ते गेले. त्यांच्या कन्या वीणा देव आणि घरच्या मंडळींनी त्यांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन गावोगाव केलं, त्यामुळे न वाचणाऱ्यांच्या कानावरही त्या गेल्या.

एक शंका मात्र मनात येते, आणि ती आमच्याच होस्टेलच्या एका ठाकर मित्राने बोलून दाखवली. गोनीदा कितीही वाडीवर राहिले तरी पाहुणेच ना? आमची गोष्ट आम्ही कधी सांगायची? त्याचं चुकलं नाही. गोनीदांच्या नंतर आदिवासी स्वतः लिहू लागले आहेत. महादेव कोळी समाजातून आलेल्या डॉ. गोविंद गारे यांनी आपल्या लोकांवर संशोधन केलं, वाहरू सोनवणे यांनी 'गोधड'मधून भिल्लांच्या बाजूने कविता लिहिली. पण आपल्या जिल्ह्यातल्या किती गोष्टी अजून आजीच्या तोंडातच आहेत!

कळसूबाईचंच बघा. १६४६ मीटर उंचीचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, आपण वर जाऊन फोटो काढून येतो. पण कळसू कोण होती? एक कोळ्याची पोर. इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली ती अटीवर, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस घरच्यांनी भांडी घासायला लावलीच. तिने ती घासली आणि डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. तीच पुढे देवी झाली. चिंधीची थोरली बहीणच म्हणा ना!

नाग्याला जसा गोनीदा भेटला, तसा या कळसूला कोण भेटणार? आप्पांकडे पदवी नव्हती, पण चुलीपुढे बसून ऐकायचा धीर होता. राजूर-भंडारदऱ्याकडच्या मित्रांनो, येत्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की आजीजवळ बसा. वहीपेन आपल्याकडे आहेच, तेवढं ऐकून उतरवून आणा. पुढच्या अंकात त्या गोष्टीसाठी पानं राखून ठेवायला संपादकांना सांगून ठेवतो.