ग्रेस हॉपर : यंत्राच्या पोटातली चूक शोधणारी शिक्षिका

मोबाईल अचानक अडकला की आपण म्हणतो, "हँग झाला." कधी चूक एखाद्या अ‍ॅपमध्ये असते, तर कधी ती अगदी खोल, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात असते. या गाभ्याला 'कर्नल' म्हणतात. तिथे चूक झाली तर सगळं यंत्रच बंद पडू शकतं. अशा चुकीला 'बग' आणि ती काढण्याला 'डिबगिंग' म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती, त्या काळात हे काम करणाऱ्या एका गणिताच्या शिक्षिकेची आज ओळख करून घेऊ.

ग्रेस हॉपर यांचा जन्म 9 डिसेंबर 1906 रोजी न्यूयॉर्क येथे झाला. सात वर्षांची असताना ग्रेसने घरातली गजराची घड्याळं खोलून बघितली. एक खोललं, जोडता येईना, म्हणून दुसरं खोललं. अशी सात झाली! आईने रागावून एकच घड्याळ खेळायला ठेवलं. पुढे त्या व्हॅसर कॉलेजात शिकवू लागल्या आणि 1934 मध्ये येल विद्यापीठातून त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली.

दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्यांना नौदलात जायचे होते, पण वय जास्त आणि वजन कमी! तरीही त्यांनी हट्ट सोडला नाही. 1943 मध्ये त्या भरती झाल्या आणि 1944 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील 'मार्क 1' या गणनयंत्रावर रुजू झाल्या. हे यंत्र 51 फूट लांब होतं. सेकंदाला फक्त तीन बेरजा करायचं. सूचना कागदी पट्टीवर भोकं पाडून द्यायच्या. एक भोक चुकीच्या जागी पडलं की उत्तर चुकलं. आणि हे आकडे नौदल युद्धात वापरणार होतं! त्यामुळे चूक पट्टीत आहे की यंत्रात, हे एकेक पायरी तपासत शोधावं लागे.

9 सप्टेंबर 1947 ला 'मार्क 2' यंत्र नीट चालेना. शोधता शोधता एका रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या खटक्यात, एक पतंग (दिव्याभोवती फिरणारा किडा) अडकलेला सापडला. तो काढून नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला गेला. ती वही आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की हा किडा हॉपरबाईंनी शोधला आणि 'बग' शब्दही त्यांचाच. हे बरोबर नाही. किडा त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला, आणि बिघाडाला 'बग' म्हणणं एडिसनच्या काळापासून होतं. हॉपर यांनी ही गोष्ट जगभर पोहोचवली, हे मात्र खरं.

त्यांचं मोठं काम वेगळंच आहे. तपासून बरोबर ठरलेल्या सूचना त्या काळी लोक वहीतून हाताने उतरवून घेत आणि उतरवताना पुन्हा चुका करत. हॉपर यांच्या लक्षात आलं, की हे उतरवण्याचं काम यंत्रच करू शकेल. यातूनच 1952 मध्ये त्यांचा पहिला कंपायलर तयार झाला. संगणकाला फक्त गणित येतं, असं म्हणून सुरुवातीला फारसं कोणी त्याकडे लक्ष दिलं नाही. पण त्यांच्याच कामाच्या आधारावर 1959 पासून 'कोबोल' ही भाषा घडली. इंग्रजी शब्दांत लिहिता येणारी ही भाषा पुढे बँकांपर्यंत पोहोचली.

त्या शेवटपर्यंत शिक्षिकाच राहिल्या. भाषणाला जाताना सुमारे 30 सेंटिमीटर तारेचे तुकडे नेत आणि वाटत. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते, हे त्या तार दाखवून समजावत. 1986 मध्ये वयाच्या 79 व्या वर्षी त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून नौदलातून निवृत्त झाल्या. 1 जानेवारी 1992 रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, त्या नोंदवहीत चूक लपवलेली नाही. तारीख, वेळ, जागा लिहून ती सर्वांसमोर ठेवली आहे. आजचे कर्नल दुरुस्त करणारे अभियंतेही हेच करतात : आधी चूक नोंदवायची, मग ती पुन्हा घडवून बघायची, एकेक शक्यता वगळायची आणि मगच दुरुस्ती करायची.

उपक्रम : तुमचं एखादं चुकलेलं गणित घ्या. ते खोडू नका. नेमकी कोणत्या पायरीवर चूक झाली ते शोधा आणि शेजारी तारीख घालून लिहा.