विश्लेषण : मोटारवाहू जहाज मोबाइलवर कसे दिसते? मार्कोनींचा संबंध काय?

जानेवारी २०२४ मध्ये ‘बीवायडी एक्स्प्लोरर नं. १’ हे जहाज पाच हजारांहून अधिक इलेक्ट्रिक मोटारी घेऊन चीनमधील शेन्झेनहून युरोपला निघाले. असे जहाज कुठवर पोहोचले, हे आज कुणीही मोबाइलवर पाहू शकतो. जहाजावरील ‘एआयएस’ यंत्र नाव, ठिकाण, वेग रेडिओलहरींवरून सांगत राहते. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, संदेश सर्वांना मिळतो.

गुग्लिएल्मो मार्कोनी यांना मात्र हे असे नको होते.

१८७४ मध्ये इटलीतील बोलोन्यात जन्मलेल्या मार्कोनींनी १८९५ मध्ये घराजवळच्या टेकडीपलीकडे बिनतारी संदेश पाठवला. त्याच सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोसही अशा लहरींवर प्रयोग करत होते. पण त्यांना पेटंटची ओढ नव्हती. मार्कोनींनी १८९६ मध्ये लंडन गाठून पेटंटसाठी अर्ज केला, पाठोपाठ कंपनी काढली.

कंपनी जहाजांना यंत्र विकत नसे; ऑपरेटरसह भाड्याने देई. प्रतिस्पर्धी यंत्राच्या जहाजांशी, संकट वगळता, बोलायचे नाही, हा दंडक. जर्मनी संतापला. अखेर १९०६ च्या बर्लिन करारानुसार किनाऱ्यावरील केंद्रांना कोणत्याही यंत्राचे संदेश घेणे बंधनकारक झाले.

१९०९ चे नोबेल मार्कोनींना विभागून मिळाले. दुसरे मानकरी होते फर्डिनांड ब्राउन, ज्यांचे तंत्र जर्मन प्रतिस्पर्धी वापरत.

१९१२ मध्ये ‘टायटॅनिक’वरून मदतीची हाक मार्कोनी कंपनीच्याच ऑपरेटरांनी दिली. ‘कार्पेथिया’ने सातशेवर प्रवासी वाचवले.

१९३७ मध्ये रोममध्ये मार्कोनींचे निधन झाले. ब्रिटनमधील रेडिओ केंद्रे दोन मिनिटे शांत ठेवण्यात आली.