वालचंदांचा मालट्रक आणि डिझेलचा हिशेब

१९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांना हक्काचे पाणी मिळाले. पाण्याने पीक आले. परंतु ते बाजारात पोचविणे हा निराळा प्रश्न होता. अकोले तालुक्यात आजही रेल्वे नाही. भंडारदरा परिसरातला माल घोटीवरून कसारा घाट उतरून मुंबईला जाई. अशा मुलखाचे अर्थकारण मालट्रकवर चालते. तो ट्रक या देशात तयार व्हावा म्हणून झगडलेले वालचंद हिराचंद यांचे चरित्र त्यामुळेच आजही बोधप्रद ठरते.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. रेल्वेतील कारकुनी सोडून आलेल्या लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे कंत्राट घेतले आणि बांधकामाच्या धंद्यात पाय रोवले. १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनी, १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन, १९४० मध्ये बंगळुरूचा विमान कारखाना आणि १९४१ मध्ये विशाखापट्टणमची गोदी, हा त्यांच्या उद्योगाचा चढता आलेख होता. परकीय सत्तेशी टक्कर यातील बहुतेक ठिकाणी अटळच होती.

मोटारीच्या बाबतीतही तेच घडले. १९२८ पासून जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून गाड्या विकत होती. मोटार येथेच निर्माण व्हावी, अशी विश्वेश्वरय्यांची योजना होती. वालचंदांनी ती उचलून धरली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. युद्धकाळात सरकारने सहकार्य नाकारले. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यांत डॉज, डिसोटो, फार्गो या नावांचे ट्रक होते आणि त्यांची इंजिने पेट्रोलची होती.

येथेच अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. ते फार दाबले तर अवेळी पेट घेते. डिझेल इंजिनात केवळ हवा दाबली जाते, तीही कितीतरी अधिक, आणि त्या उष्णतेनेच इंधन पेटते. साहजिकच त्याच इंधनातून अधिक काम मिळते. शिवाय डिझेलच्या लिटरमागे सुमारे एक दशांश उष्णता अधिक असते. मंद गतीतही ओढ भक्कम राहते, हा भरल्या ट्रकला घाटात मोठाच आधार. उलट डिझेल इंजिन जड, महाग आणि गोंगाटाचे. थोड्या अंतराच्या हलक्या कामाला ती किंमत परवडत नाही. रोज शेकडो किलोमीटर धावणाऱ्या ट्रकला मात्र ती लवकर वसूल होते.

अमेरिकेत पेट्रोल मुबलक व स्वस्त. म्हणून तेथील ट्रक पेट्रोलवर वाढले. युरोपात इंधन महाग. म्हणून जर्मनीने १९२० च्या दशकातच डिझेल ट्रक रस्त्यावर आणला. तेल आयात करणाऱ्या भारताची परिस्थिती युरोपशी जुळणारी होती. १९५४ मध्ये टाटांनी डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेल ट्रक काढले आणि बाजार पालटला. प्रीमियरलाही पुढे आपल्या ट्रकांत पर्किन्सची डिझेल इंजिने बसवावी लागली. हा पालट पाहण्यास वालचंद नव्हते. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले होते.

याचा दोष वालचंदांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पारतंत्र्यात जो भागीदार मिळेल, त्याचेच यंत्र घेणे भाग होते. मात्र यंत्राबरोबर त्याच्या मायदेशातील किमतींचे गणितही येते, हा धडा विसरता येत नाही. डिझेलचाही अतिरेक झालाच. अनेक वर्षे ते करांच्या व नियंत्रित दरांच्या आधाराने स्वस्त ठेवल्यामुळे ट्रकसाठीची सवलत धनिकांच्या मोटारींनीही लाटली; ऑक्टोबर २०१४ मध्ये दर नियंत्रणमुक्त झाले. त्याच्या धुरामुळे कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला.

आता विजेवरील ट्रकांची चर्चा आहे. तेथेही खरेदीच्या किमतीपेक्षा आयुष्यभराचा खर्च, आपले घाट आणि आपली वीज यांचाच हिशेब निर्णायक ठरला पाहिजे. यंत्र येथे घडविण्याची जिद्द वालचंदांनी दाखविली. ते येथल्या गरजेप्रमाणे निवडण्याची जबाबदारी पुढच्या पिढ्यांची आहे.