उनाड मुलांचा सखा : अर्नेस्ट थॉम्प्सन सेटन

बालवीर चळवळ म्हटली की लॉर्ड बेडन-पॉवेल यांचे नाव आपल्या ओठांवर येते. शाळेत गळ्याला स्कार्फ बांधून तीन बोटांची सलामी दिलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असते. परंतु बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर आपले पहिले शिबिर भरवले, त्याच्या पाच वर्षे आधीच अमेरिकेत एका चित्रकाराने गावातल्या उनाड पोरांना आपल्या जमिनीवर बोलावून रानातली शाळा सुरू केली होती. त्यांचे नाव अर्नेस्ट थॉम्प्सन सेटन. आपल्या काळी ते फार मोठे लोकप्रिय लेखक होते. आज आपल्याकडे त्यांचे नाव क्वचितच ऐकू येते, म्हणून त्यांच्या जीवनाची थोडक्यात ओळख करून देण्याचे मी योजिले आहे.

सेटन यांचा जन्म १४ ऑगस्ट १८६० रोजी इंग्लंडमधील साउथ शील्ड्स या बंदराच्या गावी झाला. वडिलांचा जहाजांचा धंदा बुडाला आणि १८६६ साली हे मोठे कुटुंब कॅनडात आले. आधी लिंडसे येथे रानातली शेती आणि मग १८७० मध्ये टोरांटो शहर. वडील अतिशय करडे होते. घरात धाक आणि शहरात परकेपणा, अशा स्थितीत या मुलाला विसावा मिळे तो डॉन नदीच्या खोऱ्यात. तेथे झाडीत त्याने कोणाला न सांगता स्वतःच्या हाताने ओंडक्यांची एक खोपी बांधली. शाळा सुटली की तो तेथे जाई, पक्षी न्याहाळी, चित्रे काढी. एके दिवशी काही भटक्या माणसांनी त्या खोपीत शिरून तिची पार नासधूस केली. आपली एकमेव जागा हिरावली गेली की मुलाला काय वाटते, हे सेटन जन्मभर विसरले नाहीत.

चित्रकलेच्या शिक्षणासाठी १८७९ मध्ये ते लंडनला गेले आणि रॉयल अकॅडमीच्या चित्रशाळेत त्यांनी प्रवेश मिळवला. पण पैशांची ओढ, पोटभर अन्न नाही. प्रकृती ढासळली आणि १८८१ मध्ये त्यांना घरी परतावे लागले. एकविसावे वर्ष लागल्यावर वडिलांनी हिशेबाची वही पुढे ठेवली. मुलाच्या जन्माच्या वेळी डॉक्टरला दिलेल्या पैशांपासून तोवर केलेला सारा खर्च तीत मांडलेला होता. रक्कम होती ५३७ डॉलर ५० सेंट. सेटन यांनीच हा प्रसंग आत्मचरित्रात नोंदवला आहे. तो वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. माझ्या वडिलांना अक्षरओळख नाही. माझ्या फीचा हिशेब त्यांनी कोठेही मांडलेला नाही, आणि म्हणूनच तो माझ्या मनातून जात नाही. न मागितलेले कर्ज फेडायचे कसे, हा आमच्यासारख्या घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्या मुलांपुढचा प्रश्न आहे. सेटन यांच्यापुढे मागितलेल्या कर्जाचा प्रश्न होता. दोहोंपैकी अवघड कोणता, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

१८८२ मध्ये ते मॅनिटोबा प्रांतात भावाच्या शेतावर गेले. तेथील गवताळ माळावर त्यांनी पशुपक्ष्यांचा असा कसून अभ्यास केला की १८९२ मध्ये मॅनिटोबा सरकारने त्यांना निसर्गशास्त्रज्ञ म्हणून नेमले. पुढच्याच वर्षी न्यू मेक्सिकोत गुरांचा फडशा पाडणाऱ्या लांडग्यांना मारण्याचे काम त्यांना मिळाले. लोबो नावाचा म्होरक्या कोणत्याही विषाला वा सापळ्याला दाद देईना. अखेर सेटन यांनी त्याची जोडीदारीण ब्लँका हिला पकडून मारले आणि तिच्याच वासावर लोबोला सापळ्यात आणले. ३१ जानेवारी १८९४ रोजी लोबो मेला. काम फत्ते झाले, परंतु शिकाऱ्याचे मन पालटले. त्या लांडग्याची कथा त्यांनी शत्रूची म्हणून लिहिली नाही, वीराची म्हणून लिहिली. १८९८ मध्ये ती इतर प्राणिकथांसह पुस्तकरूपाने निघाली आणि सेटन यांना कीर्ती व पैसा दोन्ही मिळाले. जॉन बरोज या ज्येष्ठ निसर्गलेखकाने १९०३ मध्ये या कथांना खोट्या ठरवून कडाडून टीका केली. सेटन यांनी वाद घालण्याऐवजी प्राण्यांच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचे जाडजूड ग्रंथ सिद्ध केले. पुढे अशाच एका ग्रंथाला १९२७ साली सन्मानपदक मिळाले, ते बरोज यांच्याच नावाचे होते.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. पुस्तकांच्या पैशांतून सेटन यांनी कनेक्टिकट राज्यात कॉस कॉब येथे जमीन घेतली आणि तिला कुंपण घातले. त्या रानात आजवर मोकळेपणी हिंडणारी गावची पोरे चिडली. त्यांनी कुंपण मोडले, फाटकावर वाईटसाईट चित्रे रंगवली. सेटन यांनी फाटक पुन्हा रंगवले. पोरांनी ते पुन्हा खराब केले. दुसरा कोणी पोलिसांकडे गेला असता. सेटन गावच्या शाळेत गेले आणि मुलांना सुट्टीत आपल्या रानात मुक्कामाला येण्याचे आमंत्रण देऊन आले. हे १९०२ साल. चाळीसवर मुले आली. दिवसा पोहणे, होड्या वल्हवणे, आणि रात्री शेकोटीभोवती आदिवासींच्या व प्राण्यांच्या गोष्टी. मग सेटन यांनी मुलांना सांगितले, आपला नायक तुम्हीच निवडा. मुलांनी निवडला तो सर्वांत दांडगा मुलगा. नियम राखण्याची जबाबदारी अंगावर येताच तो दांडगाईचे बळ नियम पाळून घेण्यात लावू लागला. फाटकाला पुन्हा हात लागला नाही. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत मुलांवर विश्वास टाका असे वाक्य असते. सेटन यांनी तो विश्वास कसा टाकायचा हे करून दाखवले.

अमेरिकेत मुलांची उन्हाळी शिबिरे त्याआधीही होती, पण ती बव्हंशी खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांची. सेटन यांनी त्यात एक नवी गोष्ट आणली, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. त्यांच्या रानात बक्षीस दुसऱ्याला हरवून मिळत नसे. प्रत्येक कौशल्याचे एक माप ठरलेले असे आणि जो कोणी त्या मापाला पोचेल त्याला मानाचे पीस मिळे. उदाहरणार्थ, रानातलेच जळण वापरून पंधरा निरनिराळ्या जागी पंधरा काड्यांत पंधरा शेकोट्या पेटवायच्या, त्यांतली निदान एक पावसाळी दिवशी. एकाने हे साधले म्हणून दुसऱ्याचे पीस कमी होत नाही. आमच्या गुणपत्रिकेवर मात्र वर्गातला क्रमांक असतो, आणि एकाला वर जायचे तर दुसऱ्याला खाली यावेच लागते.

सेटन आणि बेडन-पॉवेल यांची भेट १९०६ मध्ये झाली. सेटन यांच्या खेळांचा व कल्पनांचा बालवीर चळवळीवर स्पष्ट ठसा आहे, आणि श्रेय पुरेसे मिळाले नाही ही खंत सेटन यांनी बोलून दाखवली. १९१० मध्ये अमेरिकेत बालवीर संघटना निघाली तेव्हा ते तिचे पहिले चीफ स्काऊट झाले. पण संघटनेतली शिस्त त्यांना लष्करी वाटू लागली, चालकांशी खटके उडाले, शिवाय त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व सोडलेले नव्हते. १९१५ मध्ये ते पद गेले. त्यांनी मग मुलगे व मुली दोघांनाही खुली असलेली वेगळी संस्था काढली.

एक टीका मात्र टाळून चालणार नाही. सेटन यांनी शिबिराचा सारा साज अमेरिकेच्या मूळ रहिवाशांकडून घेतला. गोऱ्या मुलांना डोक्यात पीस खोवण्याची मौज मिळत होती, त्याच काळात त्या रहिवाशांच्या मुलांना दूरच्या वसतिशाळांत नेऊन त्यांचे केस कापले जात, स्वतःची भाषा बोलण्यास मनाई केली जाई. सेटन यांना या लोकांविषयी खरा आदर होता आणि त्यांनी तो उघडपणे मांडला. तरीही ज्ञान ज्यांचे, त्यांना मान नाही आणि खेळ दुसऱ्यांचा, ही विसंगती उरतेच.

ती मला अधिक बोचते, कारण आपल्याकडेही मे महिन्यात शहरातली मुले पैसे भरून निसर्गशिबिरांना जातात. चूल पेटवणे, पाऊलखुणा ओळखणे, झाडांची नावे हे तेथे शिकवले जाते. आमच्या गावी गुरांमागे जाणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला यातले पुष्कळ येते. त्याला उणीव आहे ती रानाची नव्हे. तुला हे येते, याला मोल आहे, असे त्याला आजवर कोणी सांगितलेले नाही. शाळेत तो मागच्या बाकावर बसतो आणि स्वतःला अडाणी समजतो. त्याच्यासाठी माप ठरवून मानाचे पीस देणारा कोणी निघाला, तर तोही फाटकाच्या आत येईल.

सेटन १९३० मध्ये न्यू मेक्सिकोत सांता फे जवळ जाऊन राहिले. तेथे उन्हाळ्यात ते मुलांच्या पुढाऱ्यांना शिकवीत. २३ ऑक्टोबर १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. १९६० मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांची रक्षा विमानातून तेथील टेकड्यांवर विखुरण्यात आली. आपल्या महाविद्यालयातील जे विद्यार्थी पुढे शिक्षक होणार आहेत, त्यांनी निदान एवढे तरी या चरित्रातून घ्यावे : वर्गातल्या उनाड मुलाला बाहेर काढण्यापूर्वी त्याला काय येते, ते एकदा विचारून पाहावे.