हरवलेल्या सरड्याचे गाव शोधणारा बोकाज

पोर्तुगीज भाषेत ‘कोब्रा’ म्हणजे कोणताही साप. इंग्रजीत मात्र हा शब्द फणा काढणाऱ्या नागापुरताच उरला आहे. भारतात आलेल्या पोर्तुगिजांनी नागाला ‘कोब्रा द कापेलु’, म्हणजे शिरोवेष्टन धारण केलेला साप, असे म्हटले. इंग्रजांनी ते नाव उचलले आणि कालांतराने त्यातील पहिला शब्द तेवढा ठेवला. नावे अशी एका भाषेतून दुसरीत जातात, वाटेत झिजतात, अर्थ बदलतात. म्हणूनच एखादा प्राणी नेमका कोणता आणि तो कुठला, हे निश्चित करून ठेवणारा कोणीतरी लागतो. पोर्तुगालमध्ये सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या बाबतीत हे काम जुझे व्हिसेंत बार्बोझा दु बोकाज यांनी केले.

बोकाज यांचा जन्म २ मे १८२३ रोजी मदैरा बेटावरील फुंशाल येथे झाला. हे आडनाव गोमंतकीयांना अपरिचित नाही. १७८६ मध्ये गोव्यात आलेला प्रसिद्ध पोर्तुगीज कवी बोकाज याच घराण्यातला. जुझे व्हिसेंत यांनी कुइंब्रा विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले. पण रुग्णसेवेपेक्षा प्राणिशास्त्राचा ओढा अधिक ठरला. लिस्बनच्या पॉलिटेक्निक विद्यालयात ते प्राणिशास्त्राचे अध्यापक झाले आणि १८५८ मध्ये तेथे आलेल्या संग्रहालयाची धुरा त्यांच्याकडे आली.

त्या संग्रहालयामागे एक जुनी जखम होती. १८०८ साली, नेपोलियनच्या सैन्याने लिस्बन व्यापले असताना, आजुदा येथील राजसंग्रहातील असंख्य नमुने पॅरिसला नेण्यात आले होते. अर्धशतकानंतर, १८५९ मध्ये, बोकाज पॅरिसला गेले आणि त्या नेलेल्या धनाच्या भरपाईदाखल तेथून काही नमुने घेऊन परतले. मग त्यांनी संग्रह नव्याने उभारण्यास आरंभ केला. प्राणी कसे गोळा करावेत, कसे टिकवावेत आणि लिस्बनला कसे पाठवावेत, याच्या सूचनांची पुस्तिका त्यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केली. १८६४ मध्ये त्यांनी उत्तर पोर्तुगालच्या डोंगरी ओढ्यांकाठी राहणाऱ्या एका सडपातळ सॅलॅमँडरचे शास्त्रीय वर्णन केले. शत्रूने पकडताच शेपूट टाकून निसटणाऱ्या या उभयचराला पोर्तुगीजमध्ये देशाच्या प्राचीन नावावरून ‘सालामांद्रा लुझितानिका’ म्हणतात. इंग्रजीने मात्र त्याच्या पाठीवरच्या सोनेरी पट्ट्यावरून त्याचे नाव ठेवले.

पॅरिसला गेलेल्या नमुन्यांत एक भलामोठा सरडा होता. आपल्या सापसुरळीच्या कुळातला, पण तिच्या कैक पट मोठा. फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८३९ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. परंतु तो कोठून आला याची नोंद लुटीत हरवली होती. आफ्रिकेचा किनारा, एवढेच मोघम ठिकाण त्याच्या नावापुढे राहिले. १८७३ च्या सुमारास केप व्हर्दे बेटांवरील एका वैद्याने पाठवलेले नमुने बोकाज यांच्या हाती आले आणि कोडे सुटले. तो सरडा त्या द्वीपसमूहातील ब्रांकू आणि राझू या उजाड बेटांचा रहिवासी होता. बोकाज यांनी त्याच्यासाठी नवी प्रजाती स्थापली आणि त्याचे घर त्याला परत दिले.

आफ्रिकेत पाऊल न ठेवता त्यांनी अंगोलाच्या प्राण्यांचा अभ्यास केला, तो तेथे वर्षानुवर्षे राहिलेल्या जुझे द आंशिएता या संग्राहकाच्या बळावर. आंशिएता नमुन्यांसोबत स्थानिक लोकांत रूढ असलेली नावेही कळवत आणि बोकाज ती आपल्या लेखनात नोंदवत. अंगोला आणि काँगोमधील सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांवरील त्यांचा मोठा फ्रेंच ग्रंथ १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

दरम्यान राजकारणानेही त्यांना ओढले. १८८३ मध्ये ते नौदल व सागरपार प्रदेशांचे मंत्री झाले. गोव्याचा कारभार याच खात्याखाली चाले. त्यानंतर ते परराष्ट्रमंत्री होते. युरोपीय सत्तांनी बर्लिन परिषदेत आफ्रिकेच्या वाटपाचे नियम ठरवले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. पॅरिसने नेलेल्या नमुन्यांची भरपाई मागणारा हा विद्वान दुसऱ्यांच्या भूमीवरील आपल्या देशाच्या हक्कासाठी झटत होता. ही विसंगती त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

३ नोव्हेंबर १९०७ रोजी लिस्बन येथे त्यांचे निधन झाले. संग्रहालयाला १९०५ मध्येच त्यांचे नाव देण्यात आले होते. १८ मार्च १९७८ रोजी लागलेल्या आगीत ते संग्रहालय भस्मसात झाले. बोकाज यांनी जमवलेले आणि वर्णिलेले प्राणी राख झाले. केप व्हर्देचा तो सरडाही आज पृथ्वीवरून नामशेष झाला आहे. बोकाज यांनी इतर देशांतील संग्रहालयांना दिलेले काही नमुने मात्र वाचले आणि त्यांच्या ग्रंथांतील काटेकोर वर्णने आजही संशोधकांच्या उपयोगी पडतात.

इबेरियाच्या वायव्य भागात दगडी भिंतींवर ऊन खात बसणारा एक लहान सरडा आहे. पोर्तुगीज त्याला ‘लागार्तीशा द बोकाज’ म्हणतात आणि इंग्रजीतही तो बोकाज यांच्याच नावाने ओळखला जातो.