पॅट्रिक गेडिस : नगराला सजीव मानणारा नियोजनकार

आधुनिकतावाद आणि उत्तर-आधुनिकतावाद या संज्ञांचा परिचय तुम्हांला साहित्याच्या संदर्भात झाला आहे. नगररचनेतही हा वाद आहे. मात्र तेथे प्रश्न केवळ शैलीचा नसून माणसांच्या राहत्या घरांचा असतो. तो समजून घेण्यासाठी सर पॅट्रिक गेडिस यांचे चरित्र उपयुक्त ठरते.

गेडिस यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1854 रोजी स्कॉटलंडमधील बॅलाटर येथे झाला. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ, टी. एच. हक्सले हे त्यांचे गुरू. 1879 मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. त्यानंतर सूक्ष्मदर्शकावरील काम कठीण झाले आणि त्यांचे लक्ष हळूहळू मानवी वस्तीकडे वळले. 1886 मधील विवाहानंतर ते व त्यांच्या पत्नी ॲना एडिंबरोच्या जुन्या, दाटीच्या गरीब वस्तीत राहावयास गेले. तेथे शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी आवारे स्वच्छ केली, घरांची डागडुजी केली आणि पडीक जागांत बागा फुलवल्या. नगर हा सजीव देह आहे, ही त्यांची धारणा अशा अनुभवातून दृढ झाली.

1914 मध्ये ते भारतात आले. त्यांच्या नगरप्रदर्शनाचे साहित्य आणणारे जहाज महायुद्धात जर्मन युद्धनौकेने बुडवले. ते खचले नाहीत. नवे साहित्य जमवून 1915 मध्ये त्यांनी मद्रासला प्रदर्शन भरवले.

त्या काळी रूढ असलेली पद्धत लक्षात घ्या. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत 1898 मध्ये सुधार मंडळ स्थापन झाले आणि दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्यात आले. गेडिस यांचा आक्षेप असा, की घरे पाडल्याने दाटी नाहीशी होत नाही. विस्थापित कुटुंबे शेजारच्या वस्तीत गर्दी करतात. म्हणून आधी गल्लीगल्लीतून पायी हिंडून पाहणी करावी, मोजकीच पडकी घरे काढून मोकळी जागा करावी आणि विहिरी, तलाव, वृक्ष व देवळे राखावीत, असा त्यांचा आग्रह होता. कुशल वैद्य रोग्याचा देह वाचवून शस्त्रक्रिया करतो, तशीच ही रीत होय.

होळकरांच्या इंदुरात प्लेगचे भय असताना त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजली. ज्या भागातील रहिवासी आपली घरे व रस्ते सर्वांत स्वच्छ ठेवतील, तेथून ती जाईल असे जाहीर होताच लोक कामाला लागले. सफाई कामगारांना शुभ्र वस्त्रांत मानाने मिरवण्यात आले. इंदूरचा त्यांचा अहवाल 1918 मध्ये प्रसिद्ध झाला. नागपूरसंबंधीही त्यांनी अहवाल लिहिला.

1917 हे वर्ष त्यांच्यासाठी दारुण ठरले. पुत्र अ‍ॅलास्डेअर रणभूमीवर पडला आणि त्याच वर्षी ॲना भारतात आजारपणात निवर्तल्या. तरीही त्यांनी काम सोडले नाही. 1919 ते 1924 या काळात मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे त्यांचे विद्यार्थी गो. स. घुर्ये यांनी ही परंपरा वाढवली. 17 एप्रिल 1932 रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे गेडिस यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर ल कार्बुझिए यांच्या आधुनिकतावादी विचाराचे वर्चस्व निर्माण झाले. निवास, काम, विश्रांती व वाहतूक यांची स्वतंत्र विभागणी त्यात महत्त्वाची ठरली. चंदीगड हे तिचे ठळक उदाहरण होय. 1961 मध्ये जेन जेकब्ज यांनी या विचारावर टीका केली आणि रस्त्यावरील संमिश्र जीवनाची बाजू मांडली. गेडिस यांना उत्तर-आधुनिक म्हणणे कालविसंगत ठरेल. ते या टीकेचे पूर्वसूरी होत. त्यांच्या मर्यादाही ध्यानात ठेवा : ते परकीय सत्तेच्या व संस्थानिकांच्या आश्रयाने काम करीत होते आणि त्यांच्या अनेक सूचना कागदावरच राहिल्या.

आता आपल्या परिसराकडे पाहा. गेडिस भारतात होते तेव्हा बुलढाणा जिल्ह्याचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडातून चाले. सिंदखेड राजाचा मोती तलाव, पैनगंगेकाठचे मेहकर, कापसाच्या बाजारपेठेचे खामगाव : या प्रत्येक गावाची घडण पाणी, व्यवसाय व लोक यांच्या परस्परसंबंधांतून झाली आहे. नकाशावर सरळ रेघ ओढण्यापूर्वी हे संबंध वाचावे लागतात.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
1. घरे पाडून दाटी कमी करण्यास गेडिस यांचा विरोध का होता?
2. तुमच्या गावातील एका जुन्या गल्लीची पायी पाहणी करा. रस्तारुंदीकरण झाल्यास काय राखावे, काय काढावे आणि विस्थापित कुटुंबे कोठे जातील, ते 200 शब्दांत लिहा.